एक जूनची माणसं

आमच्या धंद्यात कुणी चुकत नाही. 'लर्निंग' होतं. प्रोग्राम कोसळला, लर्निंग. लोकांचे पगार दोनदा जमा झाले, लर्निंग. एखाद्याच्या आयुष्याचा पार विचका झाला तर 'की लर्निंग'. आणि मग त्यावर एखाद्या हॉटेलच्या गारेगार हॉलमध्ये भाषण, समोर गळ्यात पट्टे अडकवलेली शेकडो पोरंपोरी, आणि शेवटी टाळ्या. मी या धंद्यात निम्मं आयुष्य काढलं आहे, माझ्याही गळ्यात तो पट्टा असतो, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं.

चुकीला चूक म्हणणारा एकच माणूस मला या धंद्यात भेटला. युसुफ तांबोळी. हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत ते टेस्टिंगचे प्रमुख होते. म्हणजे आम्ही प्रोग्राम लिहायचे आणि त्यांनी ते मोडून दाखवायचे. जन्म शनिवार पेठेतला, बिऱ्हाड विश्रांतवाडीत, आणि मराठी अशी खणखणीत की सदाशिव पेठेने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. नवीन आलेली पोरं आडनाव ऐकून त्यांच्याशी हिंदीत सुरू व्हायची, "सर, वो क्या हुआ ना..." तांबोळी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "समजलं. आता मराठीत सांगा, म्हणजे तुम्हालाही समजेल."

सगळ्यांना 'अहो'. कॉलेजातून काल बाहेर पडलेल्या पोरालाही 'अहो कुलकर्णी'. मी पहिल्या दिवसापासून 'काळेबाई'. आजकाल ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारतात, मग तुम्हीच असे का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "अरे म्हटलं की माणूस सैलावतो, अहो म्हटलं की सावध होतो. मला सावध प्रोग्रामर लागतो." त्यांना कुणी 'सर' म्हटलेलं मात्र चालायचं नाही. "सर कॉलेजात. इथे तांबोळी." तरी सगळे सरच म्हणायचे. तेवढी एक गोष्ट त्यांना कधी दुरुस्त करता आली नाही.

उंची बेताची, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, चष्मा कपाळावर चढवलेला. स्वभावाने टेस्टर. ऑफिसात असे आणि घरीही असेच, त्यांच्या बायकोची दया यायची. एकदा लक्ष्मी रोडवर मी त्यांच्याबरोबर छत्रीच्या दुकानात होते. ते छत्री उघडत होते, मिटत होते, उलटी करून हलवत होते, अर्धवट उघडून ती आपोआप मिटते का बघत होते. दुकानदार गल्ल्यावरून चष्म्याच्या वरून बघत होता. शेवटी तो म्हणाला, "अहो, छत्री घेताय की सून बघताय?"

"सून बघताना एवढं बघत नाहीत, म्हणून तर पुढे रडारड होते," तांबोळी म्हणाले, आणि छत्री परत मिटली.

"मग घ्या तरी!"

"नको. दांडा हलतोय." निघालेसुद्धा! माझी हसून पुरेवाट झाली. दुकानदार आमच्या पाठीवर ओरडला, "काठी घ्या, ती हलत नाही!"

प्रोग्राम तपासायला खोटी माणसं लागतात. खोटं नाव, खोटा पत्ता, खोटं वय भरायचं आणि प्रोग्राम काय करतो ते बघायचं. आम्ही तिथे 'टेस्ट वन', 'एबीसी' असलं काहीही टाकायचो. तांबोळींचं तोंड कडू व्हायचं. "टेस्ट वन नावाचा माणूस तुमच्याकडे जेवायला येतो का हो?" त्यांची खोटी माणसं खऱ्यांच्या वरताण होती. त्यात एक बाई होती, लग्नानंतर सासरी जिचं आडनावच नाही तर नावही बदललं; माहेरच्या कागदावर ती कमल आणि सासरच्या कागदावर सुनंदा. एक पैलवान होता, त्याला आडनावच नव्हतं. एक म्हातारे होते, त्यांच्या घराला नंबर नव्हता, पत्ता होता 'मारुतीच्या मागे'. ही मंडळी घेऊन तांबोळी आमच्या प्रोग्रामवर चालून यायचे आणि दुपारपर्यंत प्रोग्राम लोळत पडलेला असायचा. कुणी कुरकुर केली, की असली विचित्र माणसं येणारेत कुठून, तर म्हणायचे, "अहो, विचित्र तुम्ही. नाव, मधलं नाव, आडनाव, बिल्डिंग, फ्लॅट नंबर. इतकी सरळ माणसं किती असतात जगात?"

गुरुवारी जेवणानंतर त्यांचा तास असायचा. कंपनीच्या कागदोपत्री त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं, आम्ही 'गुरुवार' म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावरची छोटी खोली, फळा, आणि नियम एकच: जो उभा राहील त्याने पहिलं वाक्य 'माझं चुकलं' असं म्हणायचं. पडद्यावर चित्रं दाखवायची नाहीत. 'असं निदर्शनास आलं' म्हणायचं नाही. "निदर्शनास काय आलं? तुम्ही केलंत ना? मग तसं म्हणा." पहिल्यांदा उभा राहणारा आधी खडूच शोधत बसायचा. पण एकदा ते वाक्य तोंडातून गेलं की पुढचं सगळं सरळ यायचं, आणि जे त्या खोलीत शिकले ते मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही.

मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी त्यांनी स्वतःचीच चूक सांगितली होती. तरुणपणी एका नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीचा प्रोग्राम त्यांनी तपासून पास केला होता. नकाशा होता, नकाशावरची प्रत्येक खुर्ची त्यांनी विकून पाहिली, परत करून पाहिली, दोघांना एकदम विकता येते का पाहिलं. चोख. पहिल्याच प्रयोगाला एका पेन्शनर गृहस्थांना जी खुर्ची मिळाली ती जागेवर नव्हतीच. तिथे खांब होता. गृहस्थ तीन अंक उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांना सांगून आले, "खांब उत्तम होता. नाटकाबद्दल दुसऱ्या कुणाला विचारा." आम्ही हसून हसून लोळलो. तांबोळी हसले नाहीत. "माझं चुकलं," ते म्हणाले. "मी नकाशा तपासला. नाट्यगृहात गेलोच नाही."

कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या शेजारची. मी पण त्याच बसला. बाकी सगळे कानात बोंडं खुपसून झोपायचे, आणि तांबोळी आणि आमचे ड्रायव्हर बबन यांच्या विश्रांतवाडीपासून हिंजवडीपर्यंत गप्पा. बबन माणचे, हिंजवडीला लागूनच असलेल्या गावचे. त्यांचे वडील, किसनतात्या, यांच्या मूत्रपिंडांनी जवळजवळ दगा दिला होता, आठवड्यातून दोन वेळा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात न्यावं लागायचं. एका मोठ्या ट्रस्टची म्हाताऱ्या माणसांसाठी योजना होती. गावोगावच्या म्हाताऱ्यांना कार्ड, कार्ड दाखवलं की उपचार फुकट. "त्या कार्डावर तात्या जितं हाय, सर," बबन म्हणायचे. तांबोळी रोज विचारायचे, "काय म्हणतायत तात्या?" आणि बबन रोज सांगायचे, "शिव्या देत्यात, म्हंजी बरं हायेत."

मग केदार आला. परदेशातून शिकून आलेला, तिशीचा, हुशार, बोलायला गोड. मी उगाच त्याला राक्षस करणार नाही. दिवाळीला सगळ्यांच्या टेबलावर मिठाई ठेवायचा. त्याच्यासाठी कंपनीने नवा विभाग काढला, डेटा आणि आपोआप शिकणारे प्रोग्राम यांचा, आणि 'गुरुवार'ही त्याच्याकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरून तो मोठ्या हॉलमध्ये हलला. पिझ्झा आला, पडदा आला, पडद्यावर रंगीत चित्रं आली. 'माझं चुकलं' गेलं. केदार म्हणाला, "सर, इट्स अ बिट निगेटिव्ह ना? आपण 'लर्निंग' म्हणू या." तांबोळी म्हणाले, "म्हणा. खड्ड्याला तळं म्हटलं तरी पाय मोडायचा तो मोडतोच." केदार हसला. त्याला तो विनोद वाटला असावा.

केदारच्या विभागाला पहिलं मोठं काम मिळालं ते नेमकं त्या ट्रस्टचं. ट्रस्टला शंका होती की यादीत बोगस माणसं घुसली आहेत, एकेका माणसाने दोन दोन कार्डं काढली आहेत. ती शोधून बंद करायची. केदारने त्यासाठी शिकणारा प्रोग्राम आणला. हा प्रोग्राम परदेशातल्या ढीगभर नोंदी बघून शिकला होता, आणि तिथे तो असं शिकला होता की दोन नोंदींमधली नावं जवळपास सारखी आणि जन्मतारीख तंतोतंत सारखी असेल, तर माणूस एकच, कार्डं दोन. तिथे ते खरंही असेल. तिथे मूल जन्मतं तेव्हा कुणीतरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतं.

प्रोग्रामने बोगस माणसं भराभर काढली. इतकी, की ट्रस्टची माणसं पेढे घेऊन आली. तांबोळी तपासायला बसले आणि जेवायची सुट्टी झाली तरी उठले नाहीत. मी डबा घेऊन गेले, तर म्हणाले, "काळेबाई, तुमच्या सासऱ्यांची जन्मतारीख काय?"

"एक जून," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं.

महाराष्ट्रात ज्यांचे आईबाप शाळेत गेले नव्हते त्या पिढीच्या निम्म्या माणसांची जन्मतारीख एक जून आहे, हे कुणाला सांगायला हवं? पोराला शाळेत न्यायचं. मास्तरांनी विचारायचं, कधी जन्मला? आई सांगणार, ज्वारी काढणीला आली होती तेव्हा. मास्तर पोराला म्हणणार, हात डोक्यावरून घे, पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा पडावा म्हणून मास्तर लिहिणार, एक जून. गावातली वर्गभर पोरं एक जूनला जन्मलेली! त्यात आजोबांचं नाव नातवाला, म्हणून चुलतभावांची नावं सारखी, आडनाव तर अख्ख्या गावाचं एकच. केदारच्या प्रोग्रामला ही सगळी एकाच माणसाची सोंगं वाटली. त्याने दोघांतला एक ठेवला आणि दुसऱ्याला बोगस ठरवलं.

त्या गुरुवारी पिझ्झा वाटून झाल्यावर तांबोळी उठले. "एकच विचारतो," म्हणाले. "ज्यांच्या वडिलांची किंवा आजोबांची जन्मतारीख एक जून आहे त्यांनी हात वर करा." पोरं आधी हसली. बीडचा, सोलापूरचा, लातूरचा, मुळशीचा, एकेक हात वर गेला. हॉल हातांनी भरला. पोरं एकमेकांकडे बघून खिदळायला लागली, तुझेही? माझेही! तांबोळी केदारला म्हणाले, "तुमच्या वडिलांची?"

"माझे डॅड मुंबईला हॉस्पिटलमध्ये जन्मले, सर."

"उत्तम. मग आता हे हात बघा आणि प्रोग्राम थांबवा."

"सर, पॉइंट घेतलाय मी. पण धिस इज अनेक्डोटल."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे... किस्से. डेटा नाही."

"माझे वडील किस्सा आहेत होय?" तांबोळी म्हणाले. आवाज चढवला नाही. मी उभी राहिले, म्हणाले, केदार, निदान एक जूनवाल्यांना तरी बाजूला काढ, एका दिवसाचं काम आहे. तो माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, "व्हर्जन टूमध्ये नक्की." व्हर्जन टू! आमच्या धंद्यात 'पुढच्या जन्मी' याला हा शब्द आहे.

प्रोग्राम बाहेर पडायचा तर टेस्टिंग प्रमुखाची सही लागते. तांबोळींनी दिली नाही. त्यांना वर बोलावलं, समजावलं, ट्रस्ट किती खूश आहे ते सांगितलं, गुढीपाडव्याला उद्घाटन ठरलंय हे सांगितलं. एच.आर.च्या बाई म्हणाल्या की तुम्ही टीम प्लेअर राहिला नाहीत. तांबोळी म्हणाले, "टीममध्ये ती म्हातारी माणसं धरलीत का? धरा, मग मोजा मी कुणाच्या बाजूने आहे." दुसऱ्या दिवशी नियमच बदलला. टेस्टिंग प्रमुखाऐवजी केदारच्या विभागाचीच सही चालेल असं ठरलं. म्हणजे पोराने पेपर लिहायचा आणि त्यानेच तपासायचा. पाडव्याला केक कापला. तांबोळी आपल्या जागेवर बसून होते. त्यांच्याकडे काम उरलं नव्हतं, तरी रोज वेळेवर येऊन बसायचे, इस्त्रीच्या शर्टात. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

पाडव्यानंतर फार दिवस गेले नसतील. सकाळी बसमध्ये चढले तर बबन गाडी सुरूच करत नव्हते, स्टिअरिंगवर हात ठेवून तांबोळींशी बोलत होते. "सर, तात्याचं कार्ड बंद दाखवतंय. काल खिडकीवरली पोरगी म्हणली, हा माणूस दोनदा हाय. दोनदा हाय म्हंजी काय ओ?"

तांबोळींनी तिथेच एकेक विचारून घेतलं. किसनतात्यांचा एक चुलतभाऊ होता, तोही किसन. एकाचे वडील बाबा, दुसऱ्याचे बाबू. गाव एक, आडनाव एक, शाळेत एकाच दिवशी घातलेले, दोघांची तारीख एक जून. केदारच्या प्रोग्रामने 'बाबा' आणि 'बाबू' हा लिहिण्यातला फरक मानला. चुलतभावाचं कार्ड ठेवलं. त्याला काही झालेलं नव्हतं, धडधाकट होता. तात्यांचं मारलं.

तांबोळींनी त्या दिवशी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खोटं वाटलं असतं. तक्रार नोंदवायची पद्धत होती, ती त्यांनी नोंदवली, तिचा नंबर आला आणि ती रांगेत पडली. मग ते दुपारी माणला गेले आणि दोन्ही म्हाताऱ्यांना रिक्षात घालून कंपनीच्या दारात घेऊन आले. दोघं टोप्या घालून त्या काचेच्या दारात उभे. तात्यांचे पाय सुजलेले, भावाचा खांदा धरलेला. केदार खाली आला. खरं सांगते, नीट वागला. दोघांशी हात मिळवले, पाणी मागवलं.

"हे किसन बाबा," तांबोळी म्हणाले. "आणि हे किसन बाबू. मोजा."

"सर, मला पटतंय ना, दोघं आहेत." केदार अगदी कळवळून बोलत होता. "पण मला पटून काय उपयोग? सिस्टिमला पटलं पाहिजे. मी एक रेकॉर्ड हाताने बदललं तर ऑडिटमध्ये प्रॉब्लेम येतो. रिक्वेस्ट टाकलीय ना तुम्ही? होईल."

तात्या चुलतभावाला म्हणाले, "आरं, आपुन दोघं हितं उभं हाय की. आनखी काय पायजे यांना?" संगणकासमोर बसलेल्या रिसेप्शनच्या मुलीने मान खाली घातली.

ते 'होईल' कधी व्हायचं तेव्हा होईना. बबननी तात्यांना ह्या दवाखान्यात ने, त्या दवाखान्यात ने असं केलं. कुठे आज या म्हणायचे, कुठे सोमवारी. ज्यांना वार चुकून चालत नाही त्यांचे वार चुकत गेले. तांबोळी रोज वर जाऊन विचारायचे आणि रोज त्यांना सांगण्यात यायचं की काम चालू आहे. उन्हाळा संपायच्या आत तात्या गेले.

बबन परत कामावर आले त्या सकाळी त्यांचं डोकं तुळतुळीत होतं. तांबोळी नेहमीच्या जागेवर बसले. खडकी गेली. मग सिग्नलला गाडी थांबल्यावर बबननी खिशातून फोन काढला आणि पुढे धरला. "सर, मेसेज आलाय. दहाव्याच्या दिवशी आला. तात्याचं कार्ड चालू झालं म्हनत्यात. आता पुढं काय करायचं असतं?" त्यांना खरोखरच विचारायचं होतं, काही करावं लागतं का. रागाने नव्हतं. त्यांनी रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं!

तांबोळी औंधला उतरले. "बबनराव, दार उघडा," एवढंच म्हणाले. ऑफिसला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी राजीनामा आला. निरोपाला पुन्हा केक. कापा म्हटलं तर म्हणाले, "मला मधुमेह आहे." नव्हता. पुढे ते एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला लागले असं कानावर आलं. फोन केला तर दोन वाक्यं बोलायचे, "बरं आहे काळेबाई. तुमचं चालू द्या." ह्या 'चालू द्या'ने मला झोप यायची नाही.

त्यानंतर बऱ्याच काळाने बाणेरच्या एका हॉटेलात आमच्या धंद्यातल्या लोकांचं संमेलन होतं. नवं तंत्रज्ञान, टेस्टिंग, डेटा, अनुभवाच्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या. मुख्य भाषण केदारचं. विषय वाचून मी ताडकन उठून बसले: 'एक जूनचा धडा'. गेले. हॉल खच्चून भरला होता. केदार आता कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर, जॅकेट, कानाला लावलेला माइक. फार छान बोलला हो! मास्तर, डोक्यावरून हात, पलीकडचा कान, ज्वारीची काढणी. पडद्यावर एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचा विकतचा हसरा फोटो. "असं आमच्या निदर्शनास आलं," केदार म्हणाला, "की डेटाला संस्कृती असते." लोकांनी ते वाक्य फोनमध्ये टिपून घेतलं. मग त्याने सगळ्यांना हात वर करायला सांगितले, कुणाच्या वडिलांची तारीख एक जून? हात वर गेले, हशा पिकला, टाळ्या. तांबोळींचं नाव नाही. ट्रस्टचं नाव नाही, ते एक ठीक आहे. पण कुणाचं काही बिघडलं होतं असाही शब्द नाही. त्याच्या गोष्टीत प्रोग्राम चुकला, प्रोग्राम शिकला, प्रोग्राम सुधारला. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मागच्या भिंतीपाशी एक हात वर गेला. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. केस पार पांढरे झाले होते. एका स्वयंसेवक मुलीने माइक नेऊन दिला.

"भाषण चांगलं झालं," तांबोळी म्हणाले. "किसन बाबांचं काय झालं, तेवढं राहिलं. ते सांगाल का?"

केदारने डोळ्यांवर हात धरून उजेडाच्या पलीकडे बघायचा प्रयत्न केला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, अगदी रोखून. त्याने टाळलं असतं तर मला समाधान वाटलं असतं, चला, निदान मनाला टोचतं तरी आहे. पण तो टाळत नव्हता. तो खरंच आठवून बघत होता, आणि त्याला खरंच आठवत नव्हतं.

"सॉरी," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. "किसन कोण?"

तेवढ्यात सूत्रसंचालक बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. उरलेले प्रश्न जेवताना विचारावेत, केदारसर तिथेच आहेत. पुन्हा टाळ्या. मुलीने तांबोळींच्या हातातून माइक घेतला, थँक यू सर म्हणाली आणि पुढे गेली. लोक उठले, खुर्च्या सरकल्या.

तांबोळी उत्तर देत होते. त्यांना प्रश्न विचारला होता ना. "किसन बाबा. माणचे. आमच्या बबनरावांचे वडील. तुम्ही त्यांच्याशी हात मिळवला होतात." माइक नव्हता, तरी ते पूर्ण वाक्यात, नीट सांगत होते. मी खुर्च्यांमधून वाट काढत त्यांच्याकडे निघाले होते म्हणून मला ऐकू आलं. बाकीचे दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून जेवायला चालले होते.